चिलीम गेली, तंबाखू गेली नाही

चिलीम घ्यायची असेल तर आधी नखाने वाजवून बघा. टणक, स्वच्छ नाद आला तर ती नीट भाजली गेली आहे. भद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे, नाहीतर आवा अर्धवट पेटला होता. अशी चिलीम पहिल्या-दुसऱ्या निखाऱ्यालाच उलते. मग ती डोळ्यासमोर धरून आरपार बघा. भोक सरळ हवं, मध्ये माती लोंबलेली नको. शेवटी अंगावरून बोट फिरवा आणि पांढरा ठिपका शोधा. आमच्या बागलाणच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. माती चाळताना ते राहून गेले तर आव्यात त्यांचा चुना होतो, आणि पुढे कधीतरी हवेतला ओलावा लागला की तो चुना फुगून चिलमीचा टवका उडवतो. ठिपका दिसला तर चिलीम जागेवर परत ठेवा, मग ती करणारा कुंभार माझ्या नात्यातला असला तरी.

हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे. सटाण्यात आरम नदीच्या काठच्या गाळाच्या मातीवर आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं. माठ, रांजण, पणत्या, संक्रांतीची बोळकी हा आमचा मुख्य माल, आणि त्यासोबत चिलमी. नाना, म्हणजे माझे वडील, चाकावर मातीचा एकच मोठा गोळा चढवत आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलीम उतरवत. दोऱ्याने कापायची, ओली असतानाच सळई घालून भोक पाडायचं, सावलीत वाळवायची. आवा रचताना मोठ्या मडक्यांच्या मधे ज्या फटी राहतात त्यांत चिलमी बसत. त्यांच्यासाठी वेगळं जळण लागत नसे, म्हणून त्या स्वस्त असत. मार्गशीर्ष वद्य एकादशीला देवमामलेदार यशवंतराव महाराजांचा रथ निघतो. त्या यात्रेत आमचं पाल लागे आणि चिलमीची पाटी रिकामी होऊन घरी येई.

आता ती पाटी नाही. मात्र गिऱ्हाईक पुन्हा यायला लागलं आहे. २०२७ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे, त्या तयारीत एक व्यापारी मध्यंतरी येऊन गेला. त्याला चिलमी ठोकात हव्या होत्या, वर त्रिशूळ आणि डमरू उमटवलेल्या. साधूंसाठी का, असं विचारलं तर म्हणाला, “साधू त्यांच्या त्यांच्या आणतात हो. हा माल पब्लिकसाठी, आठवण म्हणून.” भाव बरा देत होता. मी नाही म्हटलं. दुकानात कॉलेजची पोरंही येतात. “बाबा, हाई कितलाले शे?” असं एखाद्या जुन्या चिलमीकडे बोट दाखवून विचारतात, आणि मग मातीची चांगली की दगडाची, की ऑनलाइन मिळतो तो लाकडी पाइप चांगला, हा पुढचा प्रश्न येतो. मी त्यांना हाकलत नाही. मला जे माहीत आहे ते सगळं सांगतो, आणि सगळं सांगितलं की बहुतेक जण पणत्या बघायला लागतात.

पहिली गोष्ट ही की तंबाखू पेटली की धूर गरम असतो, घसा सोलणारा असतो. माणसाने धूर ओढायची जितकी म्हणून भांडी घडवली ती सगळी या एका त्रासावरची आहेत. धूर थंड करायचा, मऊ करायचा, राख तोंडात येऊ द्यायची नाही. विष कमी करायचं काम कुणी कुंभाराला, सुताराला किंवा तांबटाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते कुणी केलंही नाही.

चिलमीचंच घ्या. तळाशी एक खडा टाकतात, म्हणजे तंबाखू खाली सरकत नाही आणि हवेला वाट राहते. त्यावर तंबाखू, त्यावर गोवरीचा किंवा लाकडाचा निखारा. खालच्या टोकाला ओली छापी गुंडाळायची. हे फडकं ठिणगी आणि राख अडवतं, धूर जरा गार करतं, आणि चटका लागू देत नाही. चिलीम उभी धरून मुठीच्या पोकळीतून धूर ओढायचा. आखूड चिलीम घसा भाजते, लांब चिलमीत धूर थंड होतो पण काळा चिकटा लवकर साठतो. पातळ चिलीम हातात धरवत नाही, फार जाड असली तर तापायलाच वेळ घेते. मातीच्या चिलमीचा एक गुण मात्र दुसऱ्या कशात नाही. ती तुंबली की चुलीच्या विस्तवात टाकायची. चिकटा जळून जातो आणि चिलीम कोरी होऊन बाहेर येते. आमच्या गिऱ्हाइकांना हे माहीत असे, म्हणून एक चिलीम फुटेपर्यंत चाले, आणि आमचा धंदा त्या फुटण्यावर चाले.

शंखजिऱ्याच्या दगडाची चिलीम दिसायला गुळगुळीत, हाताला गार. एकदा तापली की मात्र लवकर निवत नाही, आणि फरशीवर पडली की विषय संपला. पितळेची चटके देते. काचेची म्हणजे खेळणं, तिच्यात धूर दिसतो एवढंच.

लाकडी पाइप हे साहेबाचं भांडं. आपल्या लोकांनी तो पाहिला जुन्या सिनेमातल्या श्रीमंत बापाच्या तोंडात, शेरलॉक होम्सच्या चित्रांत, आणि व्यंगचित्रकार बाळासाहेब ठाकरे यांच्या हातात. चांगला पाइप ज्या लाकडाचा होतो त्याला ब्रायर म्हणतात. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ येते, तिचं हे लाकूड. ते दाट असतं आणि विस्तवाला दाद देत नाही. तरीही नव्या पाइपात सुरुवातीला थोडीथोडीच तंबाखू जाळायची असते, म्हणजे आत काजळीचा थर धरतो आणि लाकूड वाचतं. तो थर पातळ राखावा लागतो. फार जाड झाला तर तापून फुगतो आणि पाइपाची वाटीच तडकवतो. तंबाखू तळाशी सैल, वर जरा दाबून भरायची. एकदा ओढला की पाइपला दिवसभर विश्रांती द्यायची, नाहीतर ओल मुरून तो कुबट होतो. म्हणून शौकीन माणूस एकावर थांबत नाही, चार-पाच बाळगतो. तुर्कस्तानात एस्किशहरच्या आसपास एक हलका पांढरा दगड निघतो, त्याचे कोरीव पाइप होतात, ते वापरता वापरता मधाच्या रंगाचे होत जातात. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून मक्याचे दाणे काढून उरलेल्या कणसाचे पाइप बनतात. बागलाणात मका काही कमी पिकत नाही, पण आमच्याकडे ते कणीस चुलीत जातं. बरं आहे.

गुडगुडी म्हणजे हुक्क्याची गरीब बहीण. नारळाच्या करवंटीत पाणी, वर नळी, त्यावर चिलीम. हुक्क्याला तळाशी रुंद फरशी म्हणजे पाण्याचं भांडं, लांब नळी, आणि गूळ घालून मळलेली तंबाखू. पाण्यातून धूर गार होऊन येतो, आणि गार झाल्यामुळेच माणूस तो जास्त वेळ आणि जास्त खोल ओढतो. पाणी धूर ‘धुऊन’ काढतं ही समजूत खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवलं आहे की हुक्क्याच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त धूर आत जाऊ शकतो. वर कोळशाचा विषारी वायू वेगळाच.

साल्हेरच्या बाजूला, डोंगरातल्या पाड्यांवर कोकणा म्हाताऱ्यांना भांडंच लागत नसे. आपट्याचं किंवा टेंभुर्णीचं पान घ्यायचं, तंबाखू घालून वळायचं, पेटवायचं. आम्हाला त्या बाजूला फारसं गिऱ्हाईक नव्हतं.

हा सगळा सरंजाम आपल्याकडे फार जुना आहे असंही नाही. अकबराचा माणूस असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरला गेला, तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि रत्नं जडवलेल्या हुक्क्यासकट ती बादशहापुढे नेऊन ठेवली. म्हणजे आग्र्याला तंबाखूची ओळख दख्खनने करून दिली. जहांगीरने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी किती टिकली हे वेगळं सांगायला नको; बीदरच्या कारागिरांनी पुढे काळ्या धातूवर चांदीची वेल उमटवून हुक्क्यांच्या ज्या फरश्या केल्या त्या आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए सतराव्या शतकात बऱ्हाणपूरकडून गेला, तर तिथे तंबाखू इतकी की काही वर्षी लोक ती काढण्याची तसदीही घेत नसत. सुरत बंदरातून दख्खनेत यायची वाट आमच्या बागलाणातून होती. त्या वाटेने माल आला तशी सवयही आली असणार.

या चिलमीला पुण्य चिकटलं ते संतांमुळे. साईसच्चरितात चांद पाटलाची गोष्ट आहे. घोडी हरवलेला पाटील झाडाखाली बसलेल्या फकिराजवळ येतो. बाबा चिमटा खुपसून जमिनीतून निखारा काढतात, सटका आपटून पाणी काढतात, छापी भिजवतात आणि चिलीम पाटलापुढे करतात. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात जानकीराम सोनाराने विस्तव नाकारला तरी चिलीम पेटल्याची कथा आहे. मी दोघांचाही भक्त आहे. पण बाबांची चिलीम दाखवून स्वतःची पेटवणारा भेटला की मी त्याला विचारतो, “बाबा पाच घरं भिक्षा मागून खात. तू सुरुवात तिथून का करत नाहीस?” त्रिशूळ उमटवलेली चिलीम मी केली नाही ती यासाठी. जत्रेत आईबापासोबत आलेलं सहावी-सातवीतलं पोर ती देवाची वस्तू समजून विकत घेईल, आणि मातीच्या रिकाम्या चिलमीला तंबाखूचा कायदा लागू पडत नाही.

दुसऱ्या बाजूने, चिलमीच्या आठवणींनी गहिवरून लिहिणारेही मला पटत नाहीत. पारावर चिलीम फिरायची, सगळा गाव एक व्हायचा, असं छापून येतं. पाल लावून विकणाऱ्याला दिसलेलं गाव वेगळं होतं. चिलीम ज्याच्या त्याच्या जातीत फिरे. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या चिलमीत वरून तंबाखू टाकली जाई, आणि तो ओट्याच्या खालीच उभा असे. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकलं की त्याची चिलीम आधी तुटे. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला, यावरून ती रीत किती दिवस जिवंत होती ते समजा. आणि एकाची छापी दुसऱ्याच्या हातात जाताना क्षयही बरोबर जाई. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा पहाटेचा खोकला ऐकत मी मोठा झालो आहे.

तरीही चिलमीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. तिला खटाटोप लागे. विस्तव हवा, तो दुसऱ्याच्या चुलीतून मागायचा किंवा चकमक झाडून सावरीच्या कापसावर धरायचा. पाणी हवं, छापी हवी, बसायला जागा हवी. मोटेवर असलेला गडी बैल थांबवल्याशिवाय चिलीम ओढू शकत नसे. बाईमाणसाला तर ती चारचौघांत ओढताच येत नसे. एवढ्या अडथळ्यांतून दिवसाला किती चिलमी होणार? मग काडेपेटी घरोघर आली आणि विस्तव खिशात बसला. आमच्या जिल्ह्यात सिन्नरला बिड्या वळणाऱ्या बायांचे हात सुपातल्या पानांवर चालू लागले. आमच्या चिलमीचं गिऱ्हाईक बिडीने नेलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, धंद्याचा हिशेब म्हणून सांगतो. बिडीने बैठक मोडली, आणि चघळायच्या तंबाखूच्या पुडीने तर विस्तवाचीही गरज ठेवली नाही.

बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या हंगामात एक फेरी मारा. ट्रॅक्टरच्या रांगा, तोलारी, हमाल, व्यापारी, शेतकरी. धूर क्वचित दिसेल. गालात मात्र तंबाखूची गोळी असेल, आणि भिंतीच्या कोपऱ्यांवर लाल नक्षी असेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू घेणारे निघाले. धूर काढणारे त्यात फक्त ३.८ टक्के, खाणारे, चघळणारे, घासणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये तंबाखूचं प्रमाण १७ टक्के, आणि ते चुलीपुढे सकाळी लावल्या जाणाऱ्या मिश्रीतून आलं आहे, हे कुणाही घरच्या माणसाला ठाऊक आहे. चिलीम घराबाहेर गेली याचा आनंद मानणाऱ्या घरात डबी फळीवर तशीच असते.

चिलमीच्या निमित्ताने मी डॉक्टरांना एक प्रश्न नेहमी विचारत असे, आणि त्याचं उत्तर सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. पाइप ओढणारे धूर छातीत न घेता नुसता तोंडात घोळवतात, तरी त्यांना झिंग कशी येते? कारण पाइपाच्या आणि सिगारच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, सिगारेटचा आम्लधर्मी. अल्क असला की निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरतं, फुप्फुसापर्यंत जावं लागत नाही. आता आपला माणूस तळहातावर तंबाखूला चुना लावून का मळतो ते बघा. चुना हा अल्कच. साहेबाने जे काम पाइपाच्या तंबाखूकडून करून घेतलं ते आपण चुन्याच्या बोटाने करून घेतो. लागण्याची वाट एकच, म्हणून ओठ, जीभ आणि गालाचा कॅन्सर होण्याची वाटही एकच. फरक एवढाच की पाइप विझतो. गोळी गालात ठेवून माणूस नांगरतो, गाडी चालवतो, झोपतोसुद्धा.

असं असताना आमच्या शाळांच्या भिंतींवर काय रंगवलेलं असतं? पेटलेली सिगारेट आणि तिच्यावर लाल फुली. ज्या गावात सिगारेट ओढणारा शोधावा लागतो तिथे पोरांना सिगारेटची भीती घालून आपण मोकळे होतो. त्याच शाळेतला मुलगा घरी आजीला मिश्री आणून देतो, वडिलांची पुडी आणायला टपरीवर जातो, आणि त्या भिंतीवर याबद्दल काही लिहिलेलं नाही म्हणून त्यात काही वाईट आहे असं त्याला वाटत नाही.

कायदे आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी जोडी टपरीवर मिळते आणि गिऱ्हाईक हातावर एकत्र करून घेतं. हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये बंदी आली, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायची नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायची नाही, हे तर २००३ च्या कायद्यातच आहे. हुक्का पार्लर सटाण्यात किती जणांनी पाहिलं असेल? शंभर यार्डांतली टपरी मात्र रोज सगळे पाहतात. तिच्यावर धाड पडल्याची बातमी वाचायला मिळाली तर मी ती कापून दुकानात लावीन.

माझं मागणं लहान आहे. सटाणा नगरपरिषदेने आणि यात्रा भरवणाऱ्या मंडळींनी देवमामलेदारांच्या यात्रेत चिलमीचं आणि हुक्क्याचं पाल पोरांच्या खेळण्यांच्या रांगेत लागू देऊ नये. ज्या अधिकाऱ्याने १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी उघडला त्याच्या नावाच्या यात्रेत खेळणं म्हणून व्यसन विकलं जाऊ नये. सिंहस्थाच्या वेळी नाशिकनेही हाच नियम ठेवावा. शाळांनी सिगारेटचं चित्र पुसून तिथे पुडी, चुन्याची डबी आणि मिश्री काढावी. रंगाचा खर्च तेवढाच येईल. बाजार समितीने हमालांच्या तोंडाची तपासणी हंगाम सुरू होण्याआधी करून घ्यावी, कारण तोंडातला पांढरा चट्टा वेळेत दिसला तर माणूस वाचतो. आणि माझ्या बिरादरीतल्या कुंभार भावांनो, सिंहस्थाची मागणी घेऊन व्यापारी तुमच्याकडेही येतील. त्यांना पणत्या विका, कुल्हड विका. चहाचं गिऱ्हाईक चिलमीच्या गिऱ्हाइकापेक्षा पुष्कळ मोठं आहे, आणि कुल्हडही आव्यातल्या त्याच फटींत बसतं.

पुडी सोडायची आहे पण जमत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येतं.